काळ्यापर्यंत

बिटाच्या सुपात, बोर्शमध्ये, वाळवलेली अळंबी टाकायला तेक्ला विसरली आणि त्याचं खापरही तिने मनातल्या मनात दोन्ही भावांवर फोडलं. सकाळपासून वासिल येऊन सांगून जाई, "त्याला सांग, ट्रेलरच्या साखळ्या मी हलवलेल्या नाहीत." त्याची पाठ वळते न वळते तोच नेस्टर दारात हजर. "त्याला सांग, साखळ्यांचं मी विचारलंच नव्हतं." दोघे एकाच अंगणात, हाकेच्या अंतरावर, आपापल्या बुलडोझरला ग्रीस घालत उभे, आणि निरोप पोचवायला कोण, तर नाताळच्या आदल्या संध्याकाळचे बारा पदार्थ रांधणारी बहीण. शेवटी तिने पळी उगारून सांगितलं, की यापुढे निरोप घेऊन जो कोणी या दारात येईल त्याला मी कोबीबरोबर उकळीन.

हे दुपारच्या फोनच्या आधीचं. फोन झाल्यावर निरोपही बंद पडले.

फोन ग्रेडीचा होता. उत्तरेकडच्या तेलक्षेत्रात विहिरींपर्यंतचे रस्ते करायचं काम तेक्लाच्या घराने, पोराइकोंनी, या हिवाळ्यात ज्या कंपनीकडून घेतलं होतं, तिचा तो तिथला मोठा साहेब. माणूस तसा वाईट नव्हता. इंग्रजांचा नाताळ होऊन बारा दिवस लोटले होते, म्हणून त्याने आपलं रीतीप्रमाणे विचारलं, सण छान गेला ना? आमचा सण जुन्या कॅलेंडरचा, तो आज संध्याकाळी सुरू होतो, हे त्याला समजावून सांगायचं तेक्लाच्या जिवावर आलं. छान गेला म्हणाली. मग तो कामाचं बोलला. पहिल्या रस्त्याचं जे झालं ते झालं, दुसरा रस्ताही तुम्हालाच द्यायची माझी तयारी आहे. तुमची यंत्रं चांगली आहेत आणि जमीन गोठलेली असण्याचे दिवस थोडेच उरलेत. पण पहिला रस्ता ज्याने केला तो माणूस प्रमुख म्हणून मला नको. तळावर प्रमुख कोण असेल ते आज संध्याकाळपर्यंत ठरवा, मी फोन करतो. नाहीतर उद्या सकाळी दुसऱ्या ठेकेदाराची यंत्रं इकडे उत्तरेत आणतो.

"मालकांना विचारून सांगते," तेक्ला म्हणाली. फ्रॉकमधली होती तेव्हापासून ती या भिंतीवरच्या फोनमध्ये हेच वाक्य बोलत आली होती.

मालकांना विचारायचं म्हणजे तातोंना, तिच्या वडिलांना. आणि तातोंना विचारायचं म्हणजे पहिल्या रस्त्याचा विषय काढायचा. त्या रस्त्याचं काय झालं हे एव्हाना सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, चर्चच्या पायरीवर लोक त्यावर हसून घेत होते. फक्त या घरात ते कोणी तोंडातून काढत नव्हतं.

तातोंनी, म्हणजे हरासिम पोराइकोंनी, उभं आयुष्य शेतकऱ्यांची रानं मोकळी करून देण्यात घालवलं होतं. आधी कुऱ्हाडीने, मग घोड्यांनी, मग जिल्ह्यातल्या पहिल्या बुलडोझरने. झाड पाडायचं, मूळ उपटायचं, गवताचं मुळासकट साल काढायचं, आणि स्वच्छ काळी माती दिसेपर्यंत थांबायचं नाही. 'काळ्यापर्यंत' हा त्यांचा शब्द होता. पोराइकोला काम द्या, तो काळ्यापर्यंत करतो, असं लोक म्हणायचे, आणि तातो ते ऐकून न ऐकल्यासारखं करत टोपी सारखी करायचे. वासिल अक्षरं गिरवायच्या आधी हे शिकला. पण आता दक्षिणेत पाडायला झाड उरलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही यंत्रं गोठ्यामागे उभी राहून गंजली. काम होतं ते उत्तरेत, दलदलीच्या मुलखात, जिथे जमीन फक्त हिवाळ्यात वजन सोसते.

डिसेंबरात वासिल यंत्रं घेऊन तिथे गेला आणि कोणत्याही पोराइकोने केलं असतं तेच त्याने केलं. बर्फ काढला. बर्फाखालचं गुडघाभर जाडीचं शेवाळ काढलं. आणि बाणासारखा सरळ, काळाभोर, बघत राहावा असा रस्ता केला. तळावरच्या रेडिओफोनवरून त्याने घरी कळवलं, "तातो, काळ्यापर्यंत." त्या संध्याकाळी तातोंनी कपाटातली होरिल्काची बाटली काढून सगळ्यांना एकेक घोट पाजला.

तिथे मात्र शेवाळ हीच जमीन असते. त्याच्या गोधडीखाली थंडी पोचलेलीच नव्हती. काळं म्हणून जे दिसत होतं तो निव्वळ लगदा होता. नळ घेऊन आलेला पहिला ट्रक आसापर्यंत आत गेला, आणि त्याला ओढायला आलेला दुसरा त्याच्या शेजारी जाऊन बसला.

तातो खिडकीशी बसून पहिला तारा दिसायची वाट बघत होते. तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, आणि दिवस अजून मावळायचा होता.

"तातो, ग्रेडीला काय सांगू?"

"वासिल म्हणून सांग."

"वासिल नको म्हणतोय तो."

"मग कोणीच नाही म्हणून सांग."

तिने त्यांना समजावलं, की कोणीच नाही म्हटलं तर यंत्रं वसंतात विकावी लागतील. वासिल कुठल्यातरी गुदामावर राखणीला लागेल आणि नेस्टर पुन्हा परक्यांकडे जाईल, तो या वेळी परत यायचा नाही. तातो काचेवरचं दंव नखाने खरवडत राहिले.

"त्याने माझ्या शिकवण्याबाहेर काही केलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

या 'मग'वर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. तातो वासिलची बाजू घेतच नव्हते. वासिल चुकला असेल तर आपण चुकलो, एवढं त्यांना पक्कं कळलेलं होतं, आणि या वयात ते कबूल करण्यापेक्षा यंत्रं गंजलेली त्यांना चालणार होती. तेक्लाला त्यांची दया आली, आणि तेवढ्याच जोराने त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. काहीच न करता ती स्वयंपाकघरात परतली.

नेस्टर टेबलावर अंथरायला गवताची पेंढी घेऊन आला होता. मेजपोशाखाली गवत पसरायचं काम लहानपणापासून त्याचं, आणि दोन वर्षं घर सोडून राहिला तरी त्यावरचा हक्क त्याने सोडला नव्हता. ती दोन वर्षं त्याने उत्तरेतच दुसऱ्यांची यंत्रं चालवण्यात काढली होती. बर्फ काढायचा नाही, हलक्या यंत्राने त्यावरूनच जायचं, तुडवायचं, दाबायचं, थंडीला आत उतरू द्यायचं, वर पाणी मारायचं. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"मी जाईन," तो म्हणाला. "पण तो तिथे नको. माझ्या वर नको, खाली नको, शेजारच्या झोपडीतही नको."

"वासिलचा रेडिओफोन आला तेव्हा तू इथेच बसला होतास ना? या खुर्चीवर?"

नेस्टर गवत सारखं करत राहिला.

"होरिल्काही प्यालास."

"मला कोणी विचारलं?"

"आंधळा विहिरीकडे चालला, तर त्याने विचारल्यावर सांगशील?"

त्यावर तो हळू आवाजात म्हणाला, की मी बोललो असतो तर तातो काय म्हणाले असते ते तुला माहीत आहे. दोन वर्षं परक्यांची चाकरी केली आणि आता आम्हाला माती शिकवायला आलाय. तातो अगदी याच शब्दांत हेच म्हणाले असते. म्हणजे याचंही खरं. या घरात ज्याला धरावं तो खराच निघतो, आणि सगळे खरे मिळून ट्रक चिखलात घालतात, असं तिच्या मनात आलं.

वासिलची बायको डोमका स्वयंपाकाच्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसून सारण भरलेल्या वारेनिकींच्या कडा चिमटत होती. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. तिचं आणि वासिलचं बिऱ्हाड वेगळं, त्यामुळे नणंदेच्या स्वयंपाकघरात तिचा नेहमीच पाहुणीसारखा वावर असे. तेक्लाला ते खटकायचं आणि सोयीचंही वाटायचं. नेस्टर बाहेर गेल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "त्याला प्रमुख म्हणून पाठवू नकोस, तेक्ला."

तेक्लाच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. डोमकाने नवऱ्याविरुद्ध तोंड उघडलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"परत आल्यापासून झोपत नाही. डोळा लागला की उठून बसतो. जमीन हलतेय का बघ म्हणतो."

"बरं, मग त्याला घरी ठेवते."

"घरीही ठेवू नकोस. घरी बसला तर संपेल तो."

"मग काय करू, अर्धा पाठवू?"

डोमकाने पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. "मला काय माहीत? ठरवणारी तू."

ठरवणारी. तेक्लाला हसू फुटायच्या बेतात आलं. ठरवायचं तातोंनी, अडवायचं भावांनी, रडायचं वहिनीने, आणि फोनवर 'विचारून सांगते' म्हणायचं तिने. वासिलचं म्हणणं काय हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. तो दुपारपासून एकाच यंत्राला ग्रीस घालत होता. एवढ्या ग्रीसमध्ये ते यंत्र नुसतं घसरत उत्तरेला पोचलं असतं.

तारा दिसला. तातो उठले, सगळे कपडे बदलून आले. टेबलावर बसण्याआधी एकमेकांची माफी मागायची, मनात अढी ठेवून या जेवणाला बसायचं नाही, अशी रीत. आई असताना ती भावांना कानाला धरून समोरासमोर आणायची. आज तातोंनी नुसती हनुवटी हलवली.

"माफ कर," वासिल नेस्टरच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला.

"देव करील," नेस्टर म्हणाला. उत्तर रीतीतलंच होतं, पण त्याने ते असं म्हटलं की ते काम देवाच्या गळ्यात टाकून हा मोकळा. तेक्लाने डोळे मिटून घेतले.

मग सगळे बसले. आईसाठी एक ताट रिकामं मांडलेलं होतं. तातोंनी प्रार्थना म्हटली आणि मध-खसखस घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा पहिला चमचा घेतला. एकदा तो घेतला की जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. या रात्री जो मध्येच उठतो तो पुढच्या वर्षी या टेबलावर नसतो, असं सगळे मानत. नेस्टर मानत नाही म्हणायचा, पण तोही कधी उठला नव्हता. सूट फक्त वाढणारीला. आई गेल्यापासून ती सूट तेक्लाची होती.

मासे वाढले जात होते तेव्हा फोन वाजला.

वासिलचे हात खुर्चीवर टेकले. तातोंनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते हात पुन्हा मांडीवर गेले. फोन स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं, तिथून बोललेला शब्दन् शब्द टेबलावर ऐकू येणार. आणि जाऊ शकणार फक्त ती. फोन वाजत राहिला. तेक्लाने माशांचं ताट खाली ठेवलं आणि गेली.

"काय ठरलं मालकांचं?" ग्रेडीने विचारलं.

दारातून तिला चौघेही दिसत होते. तिघांची तीन उत्तरं तिच्यापाशी होती, चौथ्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि ती तिन्ही एकत्र बांधली तर त्यांतून 'हो' काही निघत नव्हतं. मालक जेवायला बसलेत, थोड्या वेळाने सांगते, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण जेवण झाल्यावर काय बदलणार होतं? तातो पुन्हा दंव खरवडणार, नेस्टर पुन्हा गवत सारखं करणार. तिला एकदम या सगळ्याचा विलक्षण कंटाळा आला. राग नव्हे, कंटाळाच.

"प्रमुख नेस्टर," ती म्हणाली. "पुढचं यंत्र वासिल चालवेल."

टेबलावर चमचा पडल्याचा आवाज झाला.

"वासिल नको म्हणालो होतो मी."

"प्रमुख म्हणून नको म्हणालात. प्रमुख नेस्टर आहे. ज्याच्या हातून एकदा रस्ता बुडालाय, त्याच्याइतकं पायाखाली बघून दुसरं कोण चालणार, साहेब? तुम्ही दुसरा ठेकेदार आणाल, त्याचा अजून बुडायचाय."

"हे मालकांचं म्हणणं आहे?"

"नाही. माझं."

"तुम्ही कोण?"

"तेक्ला पोराइको. हा फोन उचलते ती."

ग्रेडी हसला का खोकला ते तिला कळलं नाही. उद्या निघा म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती परत आली ती कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताचं भांडं घेऊनच, जणू त्याच्यासाठीच उठली होती. तातोंसमोर दोन गुंडाळ्या वाढल्या. मग तिने भांडं खाली ठेवलं.

"कोणाला विचारून?" तातो म्हणाले.

"कोणाला नाही. दिवसभर विचारलं, तेवढं पुरे झालं."

"मी म्हणालो होतो," नेस्टरने सुरुवात केली.

"तू काय म्हणालास ते ऐकलं मी. आता माझं ऐक. तिथे कोणी विचारायच्या आधी बोलायचं. त्याच्याशी, स्वतःच्या तोंडाने. तिथे निरोप घेऊन जायला मी नाहीये." मग ती वडिलांकडे वळली. हे कसं बोलायचं याची दिवसभर तिने मनात जुळवाजुळव केली होती, पण ती सगळी आता विसरली. "तातो, तुमचं काळं इथे खरं होतं. सगळा जिल्हा त्यावर पिकतो. तिथे ते खरं नाही. वासिलला हे माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. पण आता माहीत झालंय. आता पुन्हा तेच केलं तर ती चूक."

तातोंचा चेहरा पांढरा पडला होता. मुलीने आपल्याशी असं बोलावं, तेही या रात्री, या टेबलावर, हे त्यांना पेलत नव्हतं, आणि ते तिला दिसत होतं. तिला रडावंसं वाटलं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

वासिल उठला.

खुर्ची मागे सरकली तशी डोमकाने त्याची बाही धरली. "बस ना. आज उठत नाहीत."

त्याने बाही सोडवली, रागाने नव्हे, हळूच. कोणाकडेही न बघता तो दाराशी गेला, कोट चढवला, टोपी कानांवर ओढली. दार उघडून बंद झालं तेवढ्यात आत आलेला गारवा मेणबत्तीपर्यंत पोचला.

आपण हे केलं, तेक्लाच्या मनात आलं. सगळ्यांना एकत्र ठेवायला गेलो आणि थोरल्याला टेबलावरून उठवलं. डोमका दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. वासिलची मोटार फाटकाशी होती. तिला टाकून तो एकटाच घरी निघाला, असं तिने धरलं होतं आणि बाकीच्यांनीही.

बाहेर इंजिनाने घरघर केली आणि ते बंद पडलं. पुन्हा घरघर. या थंडीत तेल मधासारखं घट्ट होतं. तिसऱ्या खेपेला इंजिन अडखळलं, खोकलं आणि पकडलं. मग त्याचा आवाज जड, खोल होत गेला आणि खिडकीच्या काचा हलू लागल्या.

"ही मोटार नाही," नेस्टर म्हणाला.

सांगायची गरज नव्हती. या घरात प्रत्येक इंजिन आवाजावरून ओळखता येई. तो यंत्रं वाहून नेणारा मोठा ट्रक होता. सकाळी रस्त्याला लागायचं तर तो आदल्या संध्याकाळीच चालू करून रात्रभर तसाच ठेवावा लागे.

डोमकाने हात खाली घेतले. तेक्लाने वासिलच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि बसली. तिच्या पुढ्यातलं सगळं गार झालं होतं, तिने ते तसंच खायला घेतलं.

तातो बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले. मग घसा खाकरून ते नेस्टरकडे वळले. तो घरी परतल्यापासून ते त्याच्याशी थेट असं बोललेच नव्हते.

"पक्की सडक असेपर्यंत त्याला पुढे राहू दे."

"बरं, तातो."

"ती संपली की तू पुढे हो." त्यांनी समोरच्या दोन गुंडाळ्यांपैकी एक चमच्याने मधोमध कापली, पण खाल्ली नाही. "आणि शेवाळ काढू देऊ नकोस कोणाला."